‘नवी प्रजाती सापडली’ म्हणजे नेमकं काय सापडलं?

दर काही महिन्यांनी तुमच्या फोनवर एक बातमी येऊन जाते. ‘हिमालयात वटवाघळाची नवी प्रजाती सापडली’, ‘मेघालयात आढळलं अनोखं वटवाघूळ’. सोबत एक फोटो असतो. हातमोजे घातलेली बोटं, आणि त्या बोटांच्या चिमटीत दात विचकणारा, चिडलेला, केसाळ जीव. तुम्ही हार्ट टाकता आणि पुढे सरकता. बातमी लिहिणाराही तोवर पुढच्या बातमीकडे गेलेला असतो.

माझी तक्रार तुमच्या हार्टबद्दल नाही. ती ‘सापडली’ या क्रियापदाबद्दल आहे.

सोसायटीच्या दिव्याभोवती संध्याकाळी जे चिमुकलं काहीतरी गिरक्या घेतं, ते तुम्ही लहानपणापासून बघत आलाय. ते हरवलेलंच नव्हतं, तर सापडेल कसं? लहान वटवाघळांची नवी जात रानात ठेच लागून सापडत नाही. ती ठरवावी लागते. ठरवायला माणूस लागतो, वर्षं लागतात, संग्रहालयातली जुनी कपाटं लागतात. आणि या तिन्ही गोष्टींवर आपण काटकसर करतोय. बातम्या मात्र भरपूर.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. सगळी वर्तमानपत्रं ‘प्रजाती’ लिहितात. मराठी विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी उघडा, तिथे ‘या प्रजातीतील एकूण जाती’ अशी वाक्यं भेटतील. म्हणजे प्रजाती हा मोठा गट आणि जाती हे त्यातले सदस्य. ज्याला बातम्या प्रजाती म्हणतात, ती विश्वकोशाच्या हिशेबाने जाती. मग आपण जाती का लिहीत नाही? कारण ‘जात’ हा शब्द आपल्या तोंडाला चटका देतो. तो द्यायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चटक्यापायी शास्त्रातला शब्द एक पायरी वर ढकलला गेला आणि खालची पायरी रिकामी राहिली. मी या लेखात ‘जात’च म्हणणार आहे. वटवाघळांच्या बाबतीत त्या शब्दाने कुणाचं काही बिघडत नाही.

आता मूळ मुद्दा. जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती मान्य आहेत, भारतात सव्वाशेहून अधिक. आपल्या डोळ्यांसमोर येतं ते वडाच्या झाडाला उलटं लटकलेलं मोठं वाघूळ. पण बहुतेक जाती तशा नाहीत. त्या लहान आहेत, किडे खातात, भेगांत, कौलांखाली, गुहांत, बांबूच्या पोकळीत राहतात. मराठीत त्यांना ‘पाकोळी’ म्हणतात. पण पक्षीनिरीक्षकाला पाकोळी विचारली तर तो स्विफ्ट नावाचा पक्षी दाखवेल, आणि काही गावांत बोट फुलपाखराकडे जाईल. पंख असलेलं, लहान, भिरभिरणारं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. गावाला तेवढा पुरतो. घरात शिरलेल्या पाकोळीला खिडकी उघडून द्यायची तर तिची जात कळायची गरज नसते.

पण एखादी गुहा वाचवायची असेल, एखाद्या रोगाचा माग काढायचा असेल, तर ‘लहान, भिरभिरणारं’ एवढ्यावर भागत नाही. आणि घोटाळा तिथे सुरू होतो.

परवानगी घेऊन लावलेल्या जाळ्यात अडकलेली एक पाकोळी तुमच्या हातात आहे असं समजा. मी अशा कामांत मदतनीस म्हणून काही रात्री जागलोय, म्हणून सांगतो. पहिली गोष्ट जाणवते ती वजन. किंवा वजन नसणं. आपल्याकडची सगळ्यात छोटी, पिपिस्ट्रेलस टेनुइस, दोन-तीन ग्रॅमची भरते. साखरेचा अर्धा चमचा. तिची कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी कॅलिपरने मोजायची. समजा २९ मिलिमीटर आली. पुस्तक म्हणतं, टेनुइसची ही लांबी साधारण २५ ते ३१ मिलिमीटर. पुढचं पान म्हणतं, पिपिस्ट्रेलस कोरोमॅन्ड्राची साधारण २५ ते ३४. झालं. दोघी तपकिरी, दोघींचे कान सारखे, दोघी संध्याकाळी एकाच दिव्यावर येतात. रात्रीचे दोन वाजलेत, पाकोळी बोटाला चावतेय, आणि वहीत ‘जात’ या रकान्यात काय लिहायचं?

फोनमधल्या ॲपला विचारू नका. ॲप आत्मविश्वासाने नाव सांगेल. फोटोवरून वाघ-बिबट्या ओळखता येतो, यांच्यातल्या बऱ्याच जणी फोटोवरून ओळखताच येत नाहीत. तिथे ‘पिपिस्ट्रेलस, जात माहीत नाही’ असं लिहिणारा माणूस ॲपपेक्षा शहाणा.

मग कशावरून ओळखायचं? दातांवरून. वरच्या जबड्यातला दुसरा पटाशीचा दात पहिल्याच्या मानाने किती उंच, सुळ्यामागची बारीक दाढ रांगेत आहे की आत सरकलेली, हे भिंगाखाली बघून. कवटीच्या आकारावरून. आणि नर असेल तर त्याच्या शिश्नातल्या हाडावरून. हसा, हरकत नाही. अनेक सस्तन प्राण्यांत हे हाड असतं, माणसात नसतं. पाकोळ्यांत ते काही मिलिमीटरचं असतं, पण त्याचा आकार, टोकाचा फाटा, बुडाचा पसारा जातीगणिक बदलतो. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन पाकोळ्या आतल्या त्या काडीवरून वेगळ्या निघतात. शास्त्रज्ञांनी या हाडांवर पानंच्या पानं लिहिलीत, आणि ती पानं वाचल्याशिवाय या कुळाबद्दल बोलता येत नाही.

अडचण अशी की दात आणि हाड नीट बघायचं तर प्राणी जिवंत राहत नाही. त्याकडे नंतर येतो.

दुसरा रस्ता आवाजाचा. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, पाकोळ्या त्याच्या वर ओरडतात. या रस्त्याने गेलेली सगळ्यात गमतीची गोष्ट ब्रिटनमधली आहे. तिथली सगळ्यात सामान्य पाकोळी, कॉमन पिपिस्ट्रेल. तिचं शास्त्रीय नाव १७७४ चं. म्हणजे दोनशे वर्षं तिथले निसर्गप्रेमी तिला ओळखत होते. १९९३ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की काही वसाहतींतल्या पाकोळ्या साधारण ४५ किलोहर्ट्झवर ओरडतात आणि काही ५५ वर, मधे फारसं कुणी नाही. १९९७ मध्ये डीएनए तपासला तेव्हा एका जनुकात ११ टक्क्यांहून अधिक फरक निघाला. एकाच वळचणीखाली राहणारी, सगळ्यांच्या ओळखीची पाकोळी एक नव्हतीच, दोन होत्या. मग दुसरीला नाव काय द्यायचं? नवं नाही. १८२५ मध्ये कुणीतरी ‘पिग्मेयस’ असं नाव देऊन ठेवलं होतं आणि पुढच्यांनी ते निकामी समजून बाजूला टाकलं होतं. ते परत काढलं. कुठलं नाव कुणाला, हा वाद प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे गेला आणि २००३ मध्ये मिटला. पहिल्या शंकेपासून दहा वर्षं! आणि हे अशा देशात, जिथे हौशी माणसंही परसात यंत्र लावून वटवाघळं ऐकत बसतात.

इथे ‘सापडली’ हे क्रियापद लावून बघा. काय सापडलं? प्राणी तर छपराखालीच होता. नाव तर ग्रंथालयातच होतं. फक्त नाव आणि प्राणी यांची गाठ घालणारा माणूस नव्हता.

भारतातही गोष्ट हीच, फक्त कपाटं लांब आहेत. २०२५ मध्ये पश्चिम हिमालयातून मायोटिस हिमालयिकस ही नवी जात जाहीर झाली. बातम्यांत ‘उत्तराखंडात सापडली’. तिचा एक नमुना पाकिस्तानातल्या अबोटाबाद भागातून १९९८ मध्येच गोळा झाला होता आणि हंगेरीच्या संग्रहालयात पडून होता. २०२१ मध्ये उत्तराखंडात तशीच एक जाळ्यात आली, तेव्हा दोन्ही जुळवता आल्या. त्याच अभ्यासाने आणखी एक काम केलं, ज्याची बातमी कमी झाली. पिपिस्ट्रेलस बाबू या पाकोळीला तिचं नाव परत दिलं. हो, बाबू. १९१५ मध्ये ऑल्डफील्ड थॉमसने तिला हे नाव दिलं होतं, नंतर तिला जावा बेटावरून नाव मिळालेल्या जातीत विलीन केलं गेलं, आणि आता ती पुन्हा स्वतंत्र झाली. या दुसऱ्या कामाला मी पहिल्याइतकंच मानतो. जुन्याला न्याय देणं हे नव्याला जन्म देण्याइतकंच किचकट असतं, पण त्याला मथळा मिळत नाही.

आपल्या अंगणातलं उदाहरण घ्या. मघाची टेनुइस. मुंबई इलाख्यात रॉटन नावाचा वनाधिकारी होता. त्याने १८९९ मध्ये आपल्याकडच्या या छोट्या पाकोळीला पिपिस्ट्रेलस मिमस असं नाव दिलं. त्याचा नमुना डांगातला, म्हणजे आपल्या नाशिकच्या शेजारचा. नंतरच्या अभ्यासकांनी मिमसला टेनुइसमध्ये मिसळलं. टेनुइस हे नाव १८४० चं, सुमात्रा बेटावरच्या नमुन्यावरचं. म्हणजे तुमच्या ट्यूबलाइटभोवती फिरणारी पाकोळी आणि सुमात्राच्या पावसाळी जंगलातली पाकोळी एकच, असं आपण कागदोपत्री मानतो. असेलही. पण ब्रिटनमधल्या एका खेड्यातल्या दोन पाकोळ्या वेगळ्या निघाल्या, आणि इथे डांग ते सुमात्रा हजारो किलोमीटर आणि मधे समुद्र. हे मिसळणं पुन्हा तपासायला काय लागेल? दोन्हीकडचे पुरेसे नमुने, दात, हाडं, आवाज, डीएनए. आणि चार-पाच वर्षं दुसरं काही न करणारा एक माणूस.

तो माणूस कुठून आणायचा, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या ओळखीची एक मुलगी वटवाघळांच्या वर्गीकरणावर पीएचडी करू पाहत होती. संस्थेचं नाव सांगत नाही. मुलाखतीत तिला विचारलं, ‘याचा उपयोग काय?’ तिने परागीभवन, कीडनियंत्रण, रोगांचा अभ्यास, सगळं नीट सांगितलं. मग विचारलं, ‘पण हे तर जुनं शास्त्र. नवीन तंत्र काय आहे यात?’ ती आता एका कंपनीत डेटा सांभाळते, आणि पगार चांगला आहे. मला राग आला तो पहिल्या प्रश्नाचा नाही. तो प्रश्न करदात्याने विचारावाच. राग दुसऱ्याचा. वर्गीकरणाला जुनं म्हणायचं आणि त्याच्या डोक्यावर पाय देऊन उभ्या राहिलेल्या सगळ्या शास्त्रांना नवं म्हणायचं! शोधनिबंध किती गाजला यावर बढती देणाऱ्या व्यवस्थेत दहा वर्षं दात मोजणारा माणूस टिकत नाही. नव्या जातीचं वर्णन करणाऱ्या निबंधाचा संदर्भ फार कमी वेळा दिला जातो. गंमत म्हणजे त्या जातीचं नाव पुढे शेकडो जण वापरतात.

मी स्वतः उपयोगाचा मुद्दा मांडायला फारसा तयार नसतो, कारण तो मांडला की जिचा उपयोग सिद्ध नाही ती पाकोळी मेली तरी चालेल असं निघतं. पण समोरच्याला उपयोगच हवा असेल तर एक प्रकरण सांगतो.

२०२१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा एक शोधनिबंध गाजला. महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्या होत्या. सगळ्या वाहिन्यांवर चर्चा झाली. निबंधाच्या शीर्षकात दोन जातींची नावं आहेत. एक फळं खाणारी रूसेटस लेशेनॉल्टी. दुसरी, पिपिस्ट्रेलस पिपिस्ट्रेलस.

थांबा. हे दुसरं नाव आपण मघाशी बघितलं. हीच ती ब्रिटनमधली ४५ किलोहर्ट्झवाली. आपल्या उपखंडात तिच्या भरवशाच्या नोंदी आहेत त्या वायव्येच्या डोंगरांतल्या, काश्मीरच्या बाजूच्या. सह्याद्रीत राहतात त्या टेनुइस, कोरोमॅन्ड्रा, सिलोनिकस वगैरे. म्हणजे दोनच शक्यता उरतात. एक, युरोपातली पाकोळी महाबळेश्वरात राहते. तसं असेल तर निपाह सोडा, तीच एक मोठी बातमी. दुसरी, त्या गुहेतली पाकोळी वेगळीच कुणीतरी आहे आणि तिला सर्वांत परिचित नाव चिकटलंय. मला दुसरी शक्यता फार जवळची वाटते. त्या संशोधकांच्या विषाणूवरच्या कामाबद्दल मला शंका नाही, ते काम जीव धोक्यात घालून करायचं असतं. पण विषाणूची ओळख अक्षर न् अक्षर तपासायची आणि ज्याच्या अंगात तो मिळाला त्याचं नाव मात्र असं, हे कसं चालेल? उद्या कुणी विचारलं की हा प्राणी आणखी कुठे-कुठे राहतो, माणसांच्या किती जवळ येतो, काय खातो, तर नकाशा कुणाचा उघडायचा? काश्मीरचा, की कोकणाचा?

आणि ही अशी संस्था आहे जिला हे काम येत नव्हतं असं नाही. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरचा माकडताप आला, तेव्हा या संस्थेच्या माणसांनी जंगलातल्या गोचिड्या, उंदीर, वटवाघळं जातीनिशी ओळखायला घेतली, कारण त्याशिवाय ताप कुठून येतो हे कळणारच नव्हतं. याच संस्थेतले एच. आर. भट महाबळेश्वरच्या गुहेतल्या रूसेटसच्या वसाहतीचा अभ्यास करत होते.  आणि याच भटांनी १९९४ मध्ये जर्मन अभ्यासक डीटर कॉक यांच्यासोबत हिपोसिडेरॉस हायपोफायलस या एका छोट्या, पानासारखं नाक असलेल्या वटवाघळाला पहिल्यांदा नाव दिलं. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातल्या हनुमानहळ्ळी गावातलं वटवाघूळ. म्हणजे विषाणूच्या प्रयोगशाळेत एके काळी वटवाघूळ हातात घेऊन ‘हे आपल्या यादीतलं नाही’ असं सांगू शकणारा माणूस बसायचा. तसा माणूस प्रत्येक प्रयोगशाळेत आज आहे का, एवढंच विचारतोय.

त्या कोलारच्या वटवाघळाचं पुढे काय झालं? आज ते जगात एकाच गुहेत उरल्याचं माहीत आहे. संख्या दोनशेच्या आत. सभोवती ग्रॅनाइटचे डोंगर, आणि ग्रॅनाइटला भाव. त्या गुहेसाठी अभ्यासकांनी आणि वनखात्याने धडपड केली ती कुठल्या जोरावर? ‘इथे वटवाघळं राहतात’ असं म्हणून कुणी खाण थांबवत नाही. वटवाघळं सगळीकडे राहतात. ‘ही जात इथेच राहते, दुसरीकडे नाही’ हे म्हणता आलं, कारण दोन माणसांनी कवट्या मोजून एक नाव कागदावर आणलं होतं. भटांनी तिला जवळच्या कुठल्यातरी सामान्य जातीत ढकललं असतं, तर आज त्या गुहेच्या जागी कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा ओटा असता आणि काही नाहीसं झालंय हे कळलंही नसतं.

नावाने कायदा कसा फिरतो याचं याहून झणझणीत उदाहरण मोठ्या वटवाघळाचं आहे, पण ते इथे सांगायलाच हवं. १९४८ मध्ये तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरांत अँगस हटन यांनी एक वटवाघूळ गोळा केलं. ते मुंबईच्या बीएनएचएसच्या संग्रहात आलं, आणि तिथे एका अगदी सामान्य फळखाऊ जातीची चिठ्ठी लावून राहिलं. पुढे किट्टी थोंगलोंग्या नावाच्या थायलंडच्या अभ्यासकाने ते बघितलं, दात मोजले, आणि १९७२ मध्ये सांगितलं की ही जातच काय, हिची प्रजातीही नवी. नाव दिलं लॅटिडेन्स सलिमअली. (हा किट्टी म्हणजे तोच, ज्याने थायलंडमध्ये दोन ग्रॅमचं, जगातल्या सर्वांत लहान सस्तन प्राण्यांपैकी एक असलेलं वटवाघूळ शोधलं. त्याला नाव मिळायच्या आत किट्टी वारला, मग वटवाघळालाच त्याचं नाव दिलं.) आता कायदा बघा. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत ‘फळखाऊ वटवाघळं’ सरसकट पाचव्या अनुसूचीत होती, उंदीर-घुशी आणि कावळ्यासोबत. उपद्रवी, मारलं तरी गुन्हा नाही. आणि याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत, पुढे लॅटिडेन्स सलिमअली बसलं. तेही फळखाऊच. तोच प्राणी जुन्या चिठ्ठीसकट घुशीच्या यादीत, नव्या चिठ्ठीसकट वाघाच्या यादीत. मधे काय बदललं? एका माणसाने कपाट उघडून दात मोजले.

पहिल्या अनुसूचीत तेव्हा दोनच वटवाघळं होती. दुसरं ऑटोमॉप्स रॉटनी, रॉटनच्याच नावाचं. १९१३ मध्ये वर्णन झालं ते बेळगावजवळच्या, खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतून, गोव्याच्या सीमेलगत. कित्येक दशकं जगात तेवढी एकच जागा माहीत होती. तिथल्या भीमगड जंगलाला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि त्या मागणीत या वटवाघळाचं नाव कायम पुढे असायचं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळलं. तरीही सह्याद्रीतली त्याची गुहा तीच.

आता समोरून येणारे आक्षेप. पहिला जरा वजनदार आहे. ‘हल्ली कुणीही थोडा डीएनए वेगळा दिसला की नवी जात जाहीर करतं, नाव कमावतं.’ हे होतं, आणि ते वाईट आहे. डीएनए हा काही साक्षात परमेश्वर नाही. युरोपात मायोटिस मायोटिस आणि मायोटिस ब्लायथी या दोन जाती दातांवरून, भक्ष्यावरून वेगळ्या आहेत, पण पूर्वी कधीतरी झालेल्या संकरामुळे त्यांचा आईकडून येणारा डीएनए काही भागांत एकमेकींत मिसळलाय. नुसती ती एक पट्टी वाचली तर दोन्ही एकच वाटतील. आवाजही परिस्थितीने बदलतो, मोकळ्यावर वेगळा, झाडीत वेगळा. म्हणून तर दात, हाड, आवाज, डीएनए आणि जुनी नावं यांची सगळ्यांची साक्ष काढायची. उथळ कामावरचा उपाय म्हणजे खोल काम करणारी जास्त माणसं. कमी माणसं हा उपाय कसा होईल?

दुसरा आक्षेप तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा असेल. ‘एका नावासाठी प्राणी मारायचा?’ मला ते आवडत नाही. ते करणाऱ्यांनाही आवडत नाही, हे मी बघितलंय. आता पंखाच्या पातळ कातड्याचा चिमूटभर तुकडा घेऊन सोडून देता येतं, पंख भरून येतो. बऱ्याच कामांना तेवढं पुरतं. पण नव्या जातीला आधार म्हणून जतन केलेला नमुना हवाच असं माझं मत आहे. हटनने १९४८ मध्ये फक्त एक सुंदर फोटो काढला असता, तर किट्टीला मोजायला दात मिळाले नसते. आणि मारण्याचाच हिशेब मांडायचा तर २०२० मध्ये करोनाच्या भीतीने वटवाघळांच्या वसाहती हुसकावल्याच्या बातम्या आठवा. त्यात गेलेल्यांची मोजदाद कुणी ठेवली?

तिसरा आक्षेप कायद्याच्या बाजूने येतो, ‘नमुने बाहेर जाता कामा नयेत.’ मान्य. २००२ च्या जैवविविधता कायद्याने नव्या जातीचा नमुना देशातल्या नेमलेल्या संस्थेत जमा करायला लावलाय, ते योग्यच आहे. ब्रिटिशकाळात आपल्याकडून गेलेले बरेचसे मूळ नमुने लंडनला आहेत आणि ते बघायला आपल्या मुलांना व्हिसा काढावा लागतो. तसं पुन्हा नको. पण मग नमुना जमा करून घेणाऱ्या संस्थेत तो बघणारा माणूस हवा ना. भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ पासून आहे, पुण्यात आकुर्डीला त्याचं केंद्र आहे. बीएनएचएस १८८३ पासून. इमारती आहेत, कपाटं आहेत. नुसती कुलपं सांभाळून चालणार नाही, कपाटं उघडणाऱ्या जागा भरा.

एक मागणी तर फार स्वस्त आहे. सरकारी पैशाने वटवाघळांतले विषाणू शोधणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात, प्राणी जातीनिशी ओळखण्याचा खर्च वेगळा लावा आणि ओळख कशावरून पटवली ते निबंधात छापणं सक्तीचं करा. दात बघितले की आवाज, डीएनए कुठल्या जनुकाचा, नमुना कुठल्या कपाटात कुठल्या क्रमांकाखाली. म्हणजे वीस वर्षांनी कुणाला शंका आली तर तो जाऊन ते कपाट उघडू शकेल. महाबळेश्वरच्या त्या पाकोळीपासूनच सुरुवात करू या. गुहा तिथेच आहे.